जैसे थे

१ ऑक्टोबर

काल खरेदीखताची नोंदणी झाली आणि आज सकाळी घराची किल्ली हाती आली. ज्याने आयुष्य सरकारी निवासस्थानांत काढले आहे, त्याला या वाक्याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. न्यायाधीशाची नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. ज्या खुर्चीत बसायचे तिच्या पाठीवर सरकारी क्रमांक, ज्या पलंगावर निजायचे त्याच्या खुरावर क्रमांक, आणि भिंतीत खिळा ठोकायचा तर आधी बांधकाम खात्याला पत्र. निवृत्तीनंतरची भाड्याची घरेही त्याच जातीची. आज मी दिवाणखान्याच्या भिंतीत कोणाचीही अनुमती न घेता एक खिळा ठोकला. त्यावर टांगायला अद्याप काहीही नाही. सौ. दारात उभी राहून हसत होती. एवढी निकालपत्रं लिहिलीत, पण सही करताना तुमचा चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नाही, असे ती म्हणाली.

घर बैठे आहे. रस्त्याकडे मोठी काच असलेला दिवाणखाना, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे टीचभर अंगण. भिंती जाड, फरशी फिकट आणि घट्ट बसवलेली. एकच गोष्ट खटकली: फरशीवर सर्व दिशांना ओरखडे आहेत, जणू कोणी वर्षानुवर्षे जड सामान इकडून तिकडे ओढत राहिले.

विकणारे गृहस्थ किल्ली द्यायला स्वतः आले होते. वयाने माझ्याएवढेच. बोलताना सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. निघताना ते स्वयंपाकघरात गेले. तेथे ओट्याशेजारी भिंतीला एक फुगवटा आहे, साधारण माणसाच्या उंचीचा. ओल आहे का, असे मी विचारले. फुगवट्यावर तळहात ठेवून ते उभे राहिले, आणि मग तापलेल्या तव्यावरून काढावा तसा हात झटकन काढून घेतला. साहेब, एवढं करा, सामान हलवत राहा, कशालाही इथे जागेची सवय लागू देऊ नका, असे म्हणाले. सौ. म्हणाली, अहो, जन्मभर सामानच हलवलं, ते संपवायलाच तर इथे आलो. त्यावर त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, तुम्ही दिवसभर बसून असता की हिंडत्या-फिरत्या?

प्रश्न असंबद्ध होता. पण गृहस्थ एकटे आहेत, आणि एकटेपणाने माणूस विस्कटतो. मी त्यांना संशयाचा फायदा दिला.

ही नोंद लिहीपर्यंत सौ.ने दोनदा चहा गरम करून आणला. नेमका शब्द सापडेपर्यंत माझी लेखणी पुढे सरकत नाही. तुमच्या एका विशेषणापायी माझं अर्धा लिटर दूध जातं, ही तिची जुनी फिर्याद. फिर्याद खरी आहे. प्रतिवादीपाशी बचाव नाही.

४ ऑक्टोबर

सामान लावले. माझे तत्त्व साधे आहे: प्रत्येक वस्तूला एक जागा, आणि प्रत्येक वस्तू आपल्या जागी. कागदावर आराखडा केला, त्याबरहुकूम फरशीवर खडूने चौकटी आखल्या आणि हमालांकडून कपाट, पलंग, टेबल, खुर्च्या नेमक्या त्या चौकटींत ठेवून घेतल्या. माझ्या लिहिण्याच्या टेबलाची जागा खिडकीजवळ. मोबाइलची जागा कोपऱ्यातील स्टुलावर, चार्जरला लावून, पालथा. उताणा फोन दर घटकेला लक्ष वेधून घेतो. सौ. म्हणाली, आता माझ्याभोवतीही एक रेघ ओढा, म्हणजे शोधायला नको. कोठे ओढू, असे मी विचारले, तेव्हा तिने हसत खिडकीकडे बोट केले. तिची हातांची खुर्ची त्यामुळे खिडकीशी, माझ्या टेबलाला लागून आली.

एका मुद्द्यावर वाद झाला. आमच्या संसारात एक पत्र्याची ट्रंक नेहमी भरलेली असे. बदलीचा हुकूम केव्हा येईल याचा नेम नसे, म्हणून दोन अंथरुणे, चार भांडी, औषधे, लेकीचे लहानपणचे फोटो असे काही तीत बांधून ठेवलेले. निवृत्तीनंतरही तिने ती उघडली नाही. मी म्हणालो, ट्रंकेचे कारण बदली; बदली आता उरली नाही; जेथे कारण नाही तेथे कार्य नसावे. ती म्हणाली, युक्तिवाद बिनतोड आहे, पण ट्रंक काही खायला मागते का? मी पुन्हा मांडणी केली. अखेर तिने कुलूप काढले, एकेक वस्तू बाहेर घेतली आणि रिकामी ट्रंक पलंगाखाली सरकवली. तुमच्याशी बोलून मी कधी जिंकले आहे, एवढेच म्हणाली. मी ते संमती म्हणून नोंदवून घेतले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असते, गाडीने दिवसभराचा प्रवास. बाबा, आईला जरा श्वास घेऊ द्या, सगळं एका दिवसात लावू नका, असे तिने बजावले. सगळे एका दिवसात लागलेले होते.

११ ऑक्टोबर

समोरच्या घरातील बाई येऊन गेल्या. गप्पिष्ट, मनमोकळ्या, आणि कानाने बऱ्याच अधू. दारावरची घंटा त्यांना ऐकू येत नाही, म्हणून माणसे त्यांच्या खिडकीसमोर उभी राहून हात हलवतात. आम्हीही तसेच करावे, असे त्यांनी मोठ्या आवाजात सांगितले. आधीच्या गृहस्थांविषयी त्यांची तक्रार मोठी होती. तो माणूस रोज सामान ओढायचा. आज पलंग या खोलीत, उद्या त्या. मला मेलीला ढोल वाजला तरी कळत नाही, पण त्याचं कपाट हललं की माझ्या तळपायाला कळायचं, असे म्हणाल्या. गृहस्थांच्या पत्नीविषयी सौ.ने विचारले. बाई म्हणाल्या, ती ओट्याशी काम करताना दिसायची. पाठीच्या दुखण्यानं हल्ली हल्ली तिथेच उभी असायची, वाकवत नव्हतं म्हणे. मग दिसेनाशी झाली. माहेरी गेली असं तो सांगायचा; जाताना मात्र कोणी पाहिलं नाही. बाई जाता जाता म्हणाल्या, तुम्ही आलात आणि घर कसं छान शांत झालं.

दुपारी सौ.ला कपाट हातभर सरकवून हवे होते. वाऱ्याची वाट अडते, ही तिची हरकत वाजवी होती. आम्ही दोघांनी जोर लावला. कपाट हलले नाही. रिकामे केले, तरी हलले नाही.

१३ ऑक्टोबर

सुतार आला. माणूस बोलका आणि आत्मविश्वासाचा. कपाटाला एक थाप मारून म्हणाला, साहेब, लाकूड ओलीनं फुगलंय, हे तर माझ्या डाव्या हातचं काम. पहार घातली, शिरेना. मग म्हणाला, फरशीवाल्यानं सिमेंट सांडलं असणार, ती जातच तसली. मग तो जमिनीवर पालथा पडला, विजेरी लावली आणि पहार खाली ठेवली. मीही वाकून पाहिले. कपाटाचा पाय आणि फरशी यांमध्ये फट नाही. नखाने चाचपले तरी एक संपते कोठे आणि दुसरी सुरू होते कोठे, हे कळत नाही. लाकडाच्या रेषा फरशीत उतरल्या आहेत. झाडाची मुळे उतरतात तशा.

दुसऱ्या कामाची आठवण झाली म्हणून सुतार निघाला. पहार तेथेच विसरून गेला.

१४ ऑक्टोबर

पहार उचलली जात नाही. फरशीत अर्धी बुडालेली आहे, आणि फरशीला तडा नाही.

१६ ऑक्टोबर

भीती हा पुरावा नव्हे. मी पद्धतशीर तपासणी केली. जेवणाच्या टेबलावर दोन कप ठेवले: एक येता-जाता हलवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. सकाळी ठेवलेला दुसरा कप संध्याकाळी उचलायला गेलो, तर त्याचा कान तुटून माझ्या हातात आला. कप टेबलातच राहिला. पहिला सुटा होता. कपाटाला आठवडा लागला असावा, पहारेला एक रात्र, कपाला एक दिवस. म्हणजे वेग वाढतो आहे.

सिद्ध झाले ते एवढेच: या घरात जी वस्तू जागची हलत नाही, ती घराची होते. माणसाला धोका आहे, हे सिद्ध झालेले नाही. मी सौ.ला तसे सांगितले. ती म्हणाली, ते सिद्ध झाल्यावर निकाल ऐकायला उरणार कोण? आणि मग, स्वयंपाकघरातल्या त्या फुगवट्याला खांदे आहेत, तुम्ही पाहिलेत का? मी पाहून आलो. ओबडधोबड गिलाव्यात डोळ्यांना आकार दिसणे ही सर्वपरिचित गोष्ट आहे.

तिचे म्हणणे: लेकीला बोलवा, ट्रंक भरते, निघू. माझे म्हणणे: विक्रेत्याने दोष दडवून घर विकले, दाद मागायची तर तज्ज्ञाची पाहणी आणि रीतसर पंचनामा हवा, आणि तोवर वादाची वस्तू आहे त्या स्थितीत राहिली पाहिजे. पुराव्याला हात लावायचा नसतो, हे मी इतरांना आयुष्यभर सांगत आलो. मी घरात ‘जैसे थे’चा आदेश दिला. पाहणी होईपर्यंत कोणीही काहीही हलवू नये.

घरात तुमचा हुकूम कधीपासून चालायला लागला, असे ती म्हणाली. पण तिने हातातला फुलदाणीचा काठ सोडला.

१८ ऑक्टोबर

अपघात झाला. मी तज्ज्ञाला पत्र लिहीत असताना सौ. झोपण्याच्या खोलीत पलंगाखालून ट्रंक ओढायला गेली. ट्रंक आली नाही, कडी तुटली. ती मागे पडली आणि पाय खाली मुरगळून सापडला. डॉक्टरांनी घरी येऊन पाहिले. घोट्याचे हाड दुखावले आहे. प्लास्टर घातले. पाय वर ठेवायचा आणि मुळीच हलवायचा नाही, असे सांगून गेले. गरज पडली तर बोलवा, नाहीतर महिनाअखेरीस पाहू.

तिला खिडकीतल्या खुर्चीत बसवले, पायाखाली तिपाई दिली. रिकाम्या ट्रंकेसाठी एवढा जीव का टाकलास, असे मी विचारले. ती म्हणाली, भरायला आधी रिकामीच लागते ना.

लेक रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली. आईला माझ्याकडे घेऊन जाते, तुम्हीही चला, तुमचा तो खटला फोनवरून चालवा. मी विचार करून तिला नको म्हणून सांगितले. कारणे: पहिले, प्लास्टरमधला पाय दिवसभराच्या प्रवासात हलणार, आणि डॉक्टरांचा आदेश त्याविरुद्ध आहे. दुसरे, घर सोडून गेलो तर ताबा आणि पुरावा दोन्हींची हानी. गरज वाटल्यास मी स्वतः फोन करीन, तोवर तिने धावपळ करू नये. ती चिडली. बाबा, तुमच्यापुढे माणसानं रडावं की अर्ज करावा, असे म्हणाली आणि फोन ठेवला. मी मोबाइल त्याच्या जागी पालथा ठेवला.

सौ. हे सर्व ऐकत होती. बाहेर पाहत होती.

२० ऑक्टोबर

सौ. दर थोड्या वेळाने सांगते, खुर्ची जरा सरकवा, तिपाई उचलून पुन्हा ठेवा. मी दोनदा केले. तिसऱ्यांदा ती कळवळली. त्यानंतर मी नकार दिला. डॉक्टरांचा आदेश स्पष्ट आहे. तिची मागणी भीतीतून आलेली. ती म्हणाली, दुखू दे हो, दुखतंय म्हणजे माझं आहे.

पाय हलू नये म्हणून तिपाईवर उशा लावून घट्ट बांधला. दुपारी तिला गाढ झोप लागली.

२१ ऑक्टोबर

खुर्ची हलत नाही.

मी तिला सांगितले नाही. तिनेच मला सांगितले. अखेर मला एका जागी बसवलंत, असे म्हणून हसली. मी म्हणालो, खुर्ची गेली, तू नाहीस. तुला उचलून दुसरीकडे नेतो. शालीची कड खुर्चीच्या हातात शिरली होती, ती कात्रीने कापली. मग पायाकडे पाहिले. प्लास्टर, उशी आणि तिपाई यांचा एकच पांढरा गोळा झाला आहे, आणि तो फरशीचा आहे. प्लास्टर कापून पाय मोकळा करावा म्हणून कडेने कात्री लावली. एका जागी कात्री आत गेली, आणि तिने हूं केले नाही.

मी विचारले, दुखले नाही?

ती म्हणाली, नाही. आणि तेव्हा प्रथमच ती घाबरलेली दिसली.

२१ ऑक्टोबर, दुपार

डॉक्टरांना, लेकीला फोन करायला गेलो. मोबाइल स्टुलातून निघत नाही. पालथा आहे. त्याची पाठ तेवढी माझ्याकडे आहे.

मदत आणायला बाहेर पडलो. फाटकापर्यंतच गेलो असेन. मागे वळून खिडकीकडे पाहिले, तर ती मान हलवून मला परत बोलवीत होती. आलो. तिचा डावा हात खुर्चीच्या हातावर टेकलेला होता. आता तो तेथून निघत नाही. बोटे अजून बोटांसारखी आहेत. रंग मात्र लाकडाचा.

ती म्हणाली, मी हलवत होते हो. तुम्ही फाटकाशी पोचलात का ते बघायला तेवढी थांबले.

निष्कर्ष: कोणीतरी तिला सतत हलवत राहिले पाहिजे. पाठ, मान, उजवा हात, खांदे. तिच्या एकटीने ते होत नाही. आणि जो हलवत राहील, त्याला मदत आणायला जाता येणार नाही.

किल्ली देणारे ते गृहस्थ. रोज पलंग ओढणारे. बायकोला ओट्यापाशी किती दिवस हलवत राहिले असतील. मी त्यांना संशयाचा फायदा दिला होता.

२२ ऑक्टोबर

तिची मान फिरवतो. उजवा हात वर, खाली. पाठीमागे हात घालून तिला खुर्चीपासून सुटी करतो. पुन्हा मान. ती मधूनच म्हणते, लग्नानंतर एवढा हात तुम्ही पहिल्यांदाच लावताय. हसू येते दोघांनाही. पुन्हा मान.

हे मी उभ्याने, पाय सारखे उचलत, तिच्या खांद्यामागे टेबलावर वही ठेवून लिहितो आहे. एका हाताने ती, एका हाताने हे.

फोन वाजला. वाजत राहिला. लेकच. दुसरे कोण करणार. सौ. म्हणाली, घ्या ना. घेता येत नाही हे तिला माहीत आहे. तरी म्हणाली. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

२२ — संध्याकाळ

पुढचे दार उघडत नाही. काल मीच नीट लोटून घेतले होते. दार आणि चौकट एक झाली आहेत. मागचेही.

समोरच्या बाई त्यांच्या खिडकीत आल्या. मी दोन्ही हात हलवले. त्यांनीही हलवले. हसल्या. आम्हा दोघांकडे बोट करून एका हाताची बोटे दुसऱ्यात गुंफून दाखवली — किती छान दिसता दोघं, असे काहीतरी. मी काचेवर मुठी आपटल्या. त्यांनी पुन्हा हात हलवला आणि पडदा ओढला.

काच फोडायला काहीतरी हवे. हातोडी तिच्या खिळ्याला. वरवंटा ओट्यावर. पितळी फुलदाणी कोनाड्यात. पहार फरशीत. घरात सुटे असे काहीही नाही. सगळे मी ठेवले तेथेच आहे.

२३

फोन वाजतो. आवाज जाड भिंतीआडून आल्यासारखा.

ती म्हणते, जरा बसा. कालपासून उभे आहात. मी बसत नाही.

तिने विचारले, ट्रंकेतले फोटो कुठे ठेवलेत? कपाटात, दुसऱ्या कप्प्यात, डावीकडे. आणून दाखवा म्हणाली. कपाट उघडत नाही. मी म्हणालो, आणतो. थोड्या वेळाने.

ती समजली.

२३ — दुपार

मी बसलो. एवढ्यासाठीच, की उभ्याने तिच्या पाठीला हात पुरत नव्हता — बसलो, आणि ऊन होते खिडकीतून, तिचे डोके माझ्या खांद्यावर — डुलकी — किती वेळ ते —

मान फिरत नाही. पाठ सुटत नाही. उजवा हात माझ्या हातात आहे, पण तो मी हलवत नाही असे मला —

ओठ हलतात. आवाज येत नाही. बहुधा म्हणते आहे, असू द्या.

२४ ?

माझी खुर्ची हलत नाही. पाय उचलले नाहीत. आता उचलावेसे — नाही, उचलत नाहीत. दुखत नाही.

डावा हात तिच्या हातात. कोणता माझा, हे रंगावरून सांगता येत नाही. नखांवरून येते.

उजवा हात लिहितो आहे. लिहितो म्हणून तो आहे. काय लिहितो याला आता महत्त्व नाही. टेबल. खिडकी. खिळा — त्यावर काही टांगायचे राहिले. टेबल. खिडकी. थांबायचे नाही.

फोन वाजत असावा. फरशीतून तळपायाला कळते.

लेकीने यावे असे वाटते. येऊ नये असे वाटते. आली तर बसेल आमच्याजवळ. बाळ, बसू नकोस. आलीस तर बसू नकोस. हे पान भिंतीत जायच्या आत कोणी —

निकाल: कारणे सर्व बरोबर होती. प्रत्येक. तरी —

ती पाहते आहे. डोळे तेवढे राहिले आहेत. रागाने नाही. दोषही देत नाही. दया म्हणावी तर तीही नाही. तिच्या नजरेत जे आहे त्याला एक नेमका शब्द आहे, मला तो माहीत आहे, क्षणभर —